तळ दिसणारं पाणी

आमच्या नव्या गावाला नाव नव्हतं. कागदोपत्री जुन्याच गावाचं नाव होतं आणि त्याच्यापुढे कंसात 'पुनर्वसन' असं लिहिलेलं. लोकांनी कंस काढून टाकला आणि नावही सोडून दिलं. कुठं राहता म्हणून कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, पुनर्वसनात. एसटीचा कंडक्टरसुद्धा "चला, पुनर्वसनवाले, उतरा" असंच ओरडायचा. जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या थोड्याशा काळाचं, शाळेमागच्या तळ्याचं आणि माझ्या बाचं. आता माझेही केस पांढरे व्हायला लागले आहेत आणि हे कोणाला तरी सांगून ठेवावं असं अलीकडे फार वाटतं.

घरं सगळी एकसारखी, एका ओळीत, टिनाच्या छपरांची. पहिल्या पहिल्यांदा मी शाळेतून येताना दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले होते. उन्हाळ्याच्या दुपारी टिनं तडतड वाजायची आणि कोपऱ्यावरची आटाचक्की दिवसभर टुकटुक करायची. नदीचा आवाज मला जुन्या गावात कधी ऐकू आल्याचं आठवत नाही, पण इथं आल्यावर तो नाही हे मात्र रोज ऐकू यायचं. आम्ही ढिवर. जाळं टाकून पोट भरणारी माणसं. जुन्या घरी चुलीवर रोज काहीतरी मासोळी असायचीच, मोठी विकायला जायची आणि बारीकसारीक आमच्या पातेल्यात यायची. नव्या घरी भात आणि लाखोळीची डाळ, डाळ आणि भात. फार झालं तर माय बाजारातून सुके झिंगे आणायची आणि तव्यावर भाजून, लाल मिरची आणि लसूण घालून पाट्यावर वाटायची. विकत आणलेले झिंगे. बा ती चटणी ताटाच्या कडेला सारून ठेवायचा.

माय पहिल्याच पावसाळ्यात कुणब्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्याला जायला लागली. बा मात्र बाजेवर बसून राहिला. धरणात मासे भरपूर होते, आमच्यातले बरेच लोक मच्छीमार सोसायटीच्या डोंग्यांतून, होड्यांतून, जायचेही. बाला बोलवायला आले तेव्हा तो म्हणाला, "त्या पाण्याखाली आपलं घर हाय. घरावरून डोंगा कसा हाकू मी?" ते आपले परत गेले, आणि त्यानंतर बा फारसा बोलला नाही. सकाळी माय डोक्याला फडकं बांधून निघताना त्याला चिडवायची, "बाजीले खिया ठोकून बसवलं का तुमाले कोनं?" पूर्वी अशा बोलण्यावर तो दुप्पट उत्तर द्यायचा. आता नुसता कूस बदलायचा. मी अकरा-बारा वर्षांची होते आणि मला भीती वाटायची. बा मरेल अशी नव्हे, बा असाच राहील अशी.

सरकारनं वस्तीत सिमेंटच्या नाल्या बांधून दिल्या होत्या, पण त्या कुठं जाऊन मिळायच्या हे ठरवायचं राहून गेलं होतं. म्हणून सगळ्या वस्तीचं सांडपाणी उतारानं वाहत शाळेमागच्या पडीक खोलगटात साचायचं. वर्गाच्या खिडक्या लावल्या तर जीव गुदमरायचा आणि उघडल्या तर नाकाला पदर. आमचे बोरकर गुरुजी हडकुळे, खोकणारे, पण चिवट होते. अर्ज करून करून थकल्यावर त्यांनी नागपूरहून आपल्या एका इंजिनिअर मित्राला बोलावलं आणि त्या दोघांनी मिळून ती जागा खणायला काढली. आधी एक खड्डा, त्यात गाळ खाली बसायचा. मग गिट्टीचा एक लांब वाफा, त्यात पाणकणीस लावलं. आणि शेवटी एक बऱ्यापैकी मोठं उथळ तळं, त्यात पाण्याखाली वाढणारी झाडं. तिथून पाणी शाळेच्या भाजीच्या वाफ्यांना आणि पुढे गुरांच्या टाक्याला जायचं. मोटर नाही, औषध नाही. गुरुजी त्याला गाळणतळं म्हणायचे. गावातले लोक गुरुजींचं गटार म्हणायचे.

पण शिकवणं असावं तर तसं. खिडकीत चार बाटल्या ठेवलेल्या असत, प्रत्येक टप्प्यावरच्या पाण्याची एक. पहिलीतलं पाणी काळं, दुसरीतलं चहासारखं, मग फिकट, आणि शेवटचं जवळजवळ पाण्याच्याच रंगाचं. "हे कोणी केलं?" गुरुजी विचारायचे, आणि आम्ही ओरडायचो, "झाडांनी!" मग ते खोकत खोकत सांगायचे की झाडांनी एकट्यांनी नाही, त्यांच्या मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात, झाड त्यांना घर देतं. शनिवारी आम्ही काळ्यापांढऱ्या रंगानं रंगवलेली एक थाळी दोरीनं तळ्यात सोडायचो आणि ती कितव्या गाठीपर्यंत दिसते ते बघायचो. मला गणित कधी आलं नाही, पण ती थाळी मात्र मला समजायची.

पाण्याखालची झाडं कुठून आणायची हा प्रश्न आला तेव्हा गुरुजी आमच्या घरी आले. बा उठून बसला, कारण गुरुजींसमोर झोपून राहणं बरं दिसत नाही. गुरुजी म्हणाले, "सुकरामभाऊ, चिला, गाद, पांज, ही नावं मी फक्त ऐकून आहे. पाण्यातली झाडं कोणती, कुठं मिळतात, मला काही समजत नाही. तुम्ही आणून देता का?"

बानं बाजेवर गुरुजींना जागा करून दिली. मग म्हणाला, "कायले पाह्यजे?"

"पोरांच्या तळ्याला."

"नालीच्या पान्यात लावान?"

"नालीच्याच पाण्यात लावायची आहेत. तेच तर त्यांचं काम."

बा हसला. मी ते हसू कितीतरी महिन्यांनी बघत होते. दुसऱ्या दिवशी तो सायकलला टोपली बांधून निघाला आणि टेकडीपल्याडच्या जुन्या मालगुजारी तलावातून ओल्या पोत्यात गुंडाळून झाडं घेऊन आला. चिखलात गुडघाभर उभं राहून त्यानं ती आमच्याकडून लावून घेतली. "मुळी मुरगयू नोका. सिधी दाबा. अस्सं." त्या रात्री त्यानं झिंग्याची चटणी मागून घेतली आणि माय पाठ फिरवून चुलीशी उगीचच काहीतरी करत बसली.

पुढच्या काही महिन्यांइतकी मी त्या वस्तीत कधीच सुखी नव्हते, त्याआधी नाही आणि नंतर तर नाहीच. तळं बहरलं. चतुर आले, बेडूक आले, लांब बोटांचे कमळपक्षी पानांवरून चालायला लागले. संध्याकाळी लोक तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, येऊन बसू लागले. म्हातारी माणसं, कामावरून परतलेल्या बाया, तंबाखू मळणारे बापे. एकसारख्या घरांच्या त्या ओळींमध्ये पहिल्यांदा एक जागा अशी झाली की जिथं काही काम नसताना जावंसं वाटावं. गुरुजींचं गटार हा शब्द आपोआप बंद पडला. पोट्टे केळीच्या खांबांचा तराफा करून तळ्यात फिरायचे आणि बा पाळीवरून त्यांना शिव्या घालत डोंगा कसा वळवायचा ते शिकवायचा. शनिवारच्या तासाला गुरुजी बाटल्यांविषयी बोलायचे आणि मग बाजूला होऊन बाला पुढे करायचे. कोणतं झाड कोणत्या महिन्यात फुलतं, कोणत्या झाडाखाली कोणती मासोळी अंडी घालते, बोटरी मासोळी आपली पिल्लं तोंडापुढे कशी हाकत नेते, सगळं तो हातवारे करून सांगायचा. बाजूच्या बाकावरची कौशी मला कोपरानं ढोसायची, "तुहा बा लय भारी सांगते वं." मी नुसती मान ताठ करून बसायचे.

आता चूक सांगते. ती चूक दुसऱ्या कोणी केली नसती, ढिवरच करू शकतो.

पाऊस सरल्यावर तळ्यातली झाडं माजली. तराफा अडकायला लागला आणि थाळी दिसेना, पाणी गढूळ म्हणून नव्हे, पानांनी झाकली म्हणून. गुरुजींच्या लेखी ते चांगलंच होतं. वाढलेली झाडं शनिवारी थोडी थोडी हातानं काढायची आणि भाजीच्या वाफ्यात खत म्हणून टाकायची असा त्यांचा नेम. पण बाला ते बघवेना. आमच्यात तलाव ठेक्यानं घेतला की माशांचं बीज सोडण्याआधी सगळे मिळून पाण्यातलं गवत काढतात. गवतानं भरलेलं पाणी म्हणजे आळशाचं पाणी. त्याच्या जन्माची समजूत ती. आणि दुसरं, त्याला पोरांना तळ दाखवायचा होता. "नदीत उन्हाळ्यात खालची रेती दिसे, गोटे मोजून घ्या," असं तो दहादा म्हणायचा. ती नदी तर गेली होती. ते पाणी त्याला पुन्हा एकदा बघायचं होतं, एवढंच.

माझ्या आत्याचा नवरा सोसायटीच्या मत्स्यबीजाच्या तळ्यावर राखण करायचा. बा त्याच्याकडून पितळेच्या एका गुंडीत गवत्या माशाची पिल्लं घेऊन आला. हा मासा बाहेरून आणलेला, गवतच खातो, म्हणून त्याचं नाव गवत्या. संध्याकाळी पाळीवर कोणी नसताना त्यानं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. नव्या पाण्यात पहिली मासोळी घरच्या लेकीच्या हातानं सोडायची अशी आमच्या घरची रीत आहे. मी ओंजळ धरली, त्यानं गुंडी वाकडी केली, आणि ती बोटाएवढी पिल्लं माझ्या तळहातावर गुदगुल्या करत पाण्यात गेली. "गुरुजीले आत्ताच नोको सांगजो," बा म्हणाला. "पानी साफ झालं का तेच पाहतीन." त्याचा चेहरा सणाच्या दिवशीसारखा झाला होता.

आणि पाणी साफ झालंही. दिवाळीनंतर हळूहळू तळ्यातलं गवत कमी होत गेलं, आणि थंडी पडली तेव्हा शाळेमागचं तळं असं झालं की थाळी अगदी तळाला टेकली तरी तिच्यावरच्या रेघा दिसायच्या. पोट्टे पोटावर पालथे पडून बघायचे. लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे. गुरुजी गोंधळले, झाडं कुठं गेली म्हणून दोन दिवस पाळीवरून फिरले, आणि शेवटी बानं त्यांना पाण्यातल्या सावल्या दाखवल्या. गुरुजींनी नुसती मान डोलावली. मला वाटलं ते खूश झाले. आज मला वाटतं की पुढं काय होणार ते त्यांना कळलं होतं, पण बाचा तो चेहरा बघून त्यांना म्हणवेना. आठ दिवसांनी ते एवढंच म्हणाले, "भाऊ, थोडे मासे काढून घेऊ या का?" बा म्हणाला, "वाढू द्या ना जी. होळीले पोट्ट्यायले जेवन देऊ." मासे वाढले. गवत संपल्यावर त्यांनी गिट्टीच्या वाफ्यातून तळ्यात पसरलेल्या पाणकणसाचे कोवळे कोंबही खाल्ले.

वस्तीचं सांडपाणी मात्र थांबलं नव्हतं. ते रोज येतच होतं, आणि आता शेवटच्या तळ्यात ते पिणारं कोणी उरलं नव्हतं. ऊन तापायला लागलं तसं पाणी आधी हिरवट झालं, मग हिरवं, मग हिरव्या रंगाच्या कढीसारखं दाट. थाळी पहिल्या गाठीलाच दिसेनाशी झाली. होळीनंतर एका सकाळी आम्ही शाळेत आलो तर सगळे गवत्या पोट वर करून तरंगत होते, हातभर लांबीचे, आणि कावळे त्यांच्यावर उतरत होते. तो वास मी सांगत नाही. टाक्यावर पाणी प्यालेली दोन वासरं आजारी पडली. ती नंतर सावरली, पण तोपर्यंत लोकांचं डोकं फिरलं होतं.

पंचायतीच्या ओट्यावर सभा झाली. शिकलेल्या माणसानं गावाच्या तोंडाशी गटार आणून ठेवलं, असं म्हणत सगळे गुरुजींवरच तुटून पडले. कालपरवापर्यंत पाळीवर बसून तंबाखू मळणारी हीच माणसं. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी एका शब्दानंही माशांचं नाव काढलं नाही. तेव्हा मागच्या रांगेतून बा उठला.

"गुरुजीले काहून बोलून राह्यले? मासे म्या सोडले. एकट्यानं सोडले. गवत त्यायनं खाल्लं, त्याच्यानं पानी सडलं."

कोणीतरी मागून हसत म्हणालं, "ढिवर असून तुले मासा नाही समजला, सुकराम?" बाकीचेही हसले. गुरुजी सुटले म्हणून ते हसत नव्हते, बाला हसत होते, हे मला तेव्हाही कळलं. बा उभाच होता. बसायचं हेच त्याला सुचेना. त्या हसण्याबद्दल मी गावाला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही.

सरपंचांनी तळं बुजवायचं ठरवलं. गुरुजींनी हातापाया पडून थोडी मुदत मागितली. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत पाणी उपसून, चिखल काढून, झाडं पुन्हा लावून झाली तर ठीक, नाही तर मुरमाचे ट्रॅक्टर येतील. सभा संपल्यावर ते सरळ आमच्याकडे आले आणि बाजेच्या कडेला बसले. "भाऊ, झाडं पुन्हा आणा. बाकीचं मी पोरांकडून करून घेतो. यातून पोरांना जे समजेल ते मी दहा वर्षं बाटल्या दाखवून नसतं समजावलं." बानं मान हलवली. माय आतून म्हणाली, "जातीन ते. काहून नाही जातीन."

ते तळं आज नाही हे सांगायला नको. त्यावर आता मुरूम आहे, मुरमावर सिमेंट, आणि सिमेंटवर व्यायामाची लोखंडी यंत्रं, ज्यांवर उन्हाळ्यात हात ठेववत नाही. सांडपाणी पुढच्या बांध्यांत जातं. मी राहते त्या शहरात मात्र एका बागेत अगदी तसंच गाळणतळं केलेलं आहे, चालायला फरशी, झाडांच्या नावांचे फलक, आणि रविवारी शाळांच्या सहली. पोरं पाण्याकडे बोटं दाखवून ओरडतात तेव्हा मला बरं वाटतं, खरंच वाटतं. पण मी तिथं फार वेळ थांबत नाही. घरी आल्यावर उगीच कोणावर तरी चिडते.

मुदतीचे ते पाच-सहा दिवस सकाळची शाळा तळ्यातच भरली. मोठी मुलं घमेल्यांनी चिखल वाहत होती, लहान मुलं खडे वेचत होती. गुरुजी धोतर खोचून मध्ये उभे, आणि खोकला थांबला की शिकवत होते. चिखल काळा का, वास कशानं येतो, मासे का मेले. ते बाचं नाव घेत नव्हते. शेवटच्या दिवशी बा पहाटेच सायकल घेऊन गेला होता. आम्ही ओळीनं खड्डे करून ठेवले, बानं शिकवलं होतं तसे, वीतवीतभर अंतरानं. मग सगळे चिखलात आपापल्या खड्ड्याशी उभे राहिलो आणि रस्त्याकडे बघत राहिलो. ऊन चढलं. शाळा सुटायची वेळ टळून गेली, पण गुरुजींनी घंटा वाजवू दिली नाही.

बा आला तेव्हा सायकल हातात धरून, चालत आला. मागे टोपली बांधलेली होती आणि तिच्यावर ओलं पोतं होतं. कौशी ओरडली, "आले आले!" बानं पाळीशी येऊन सायकल टेकवली. गुरुजी पुढे झाले, त्यांनी पोतं उचललं. खाली काही नव्हतं.

"त्या तलावात एकबी झाड नाही," बा हळूच म्हणाला. "त्याच्या पल्याडच्यातबी नाही. तिसऱ्यातबी जाऊन आलो. सोसायटीवाल्यायनं साऱ्या तलावाईत गवत्या सोडला, जी. खालचा तय दिसते सारा. नितय पानी हाय."

गुरुजी पोतं हातात धरून तसेच उभे राहिले. बाकीच्या मुलांना ते बोलणं ऐकू गेलं नव्हतं. मी तेवढी जवळ होते. बानं तळ्याकडे बघितलं. चिखलात गुडघ्यापर्यंत काळी झालेली तीस-चाळीस पोरं त्याच्याकडे तोंड करून उभी होती, प्रत्येकाच्या पायाशी एकेक रिकामा खड्डा. तो पाळीवर चढला, घसा साफ केला, शनिवारी करायचा तसाच.

"पोट्टेहो, घरी जा आता. आज सुट्टी."

सुट्टी म्हटल्यावर कोण थांबतं? सगळे एकदम ओरडले आणि एकमेकांवर चिखल उडवत, खड्डे तुडवत, पाळ ओलांडून वस्तीकडे पळत सुटले. गुरुजींनी कोणालाच थांबवलं नाही.